पन्नाशीतलं फिरतं घर

या गाडीच्या इंजिनपर्यंत पोचायचं तर आधी दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळावा लागतो. पुढच्या दोन खुर्च्यांच्या मागे जमिनीत एक झाकण आहे. ते उचललं की खाली साडेसात लिटरचं व्ही-8 इंजिन दिसतं आणि गाडी नुकतीच थांबलेली असेल तर त्याची धगही चेहऱ्यावर येते. घाटात गाडी तापली की मुलांचे रंगखडू, खेळायचे पत्ते आणि अर्धवट खाल्लेली बिस्किटं आधी मागच्या पलंगावर जातात, मग दुरुस्ती सुरू होते. घर आणि गॅरेज यांच्यात इथे फक्त एक फळी असते.

ही आहे जीएमसी मोटरहोम. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीने 1973 ते 1978 या मॉडेल-वर्षांत मिशिगन राज्यातल्या पाँटियॅक शहरात अशा सुमारे तेरा हजार गाड्या बांधल्या. त्यानंतर कंपनीने या धंद्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही. तरीही पन्नाशी गाठलेल्या या गाड्या आजही हजारोंच्या संख्येने टिकून आहेत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्यांतल्या कित्येकींमध्ये मुलंबाळं, कुत्रा आणि हत्यारांची पेटी भरली जाते आणि गाडी पश्चिमेच्या रस्त्याला लागते.

अमेरिकेत घर चाकांवर घेऊन फिरण्याची हौस गाडीइतकीच जुनी आहे. मात्र तिला खरा जोर आला तो 1956 च्या महामार्ग कायद्यानंतर. त्या कायद्याने सुमारे 66 हजार किलोमीटर आंतरराज्य महामार्गांचं जाळं मंजूर केलं आणि सहकुटुंब देश ओलांडणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. मिशिगनच्याच ब्राउन सिटी या छोट्या गावात रेमंड फ्रँक यांनी 1958 मध्ये डॉज ट्रकच्या सांगाड्यावर आपल्या कुटुंबासाठी एक घर उभारलं. ते बघून लोक विचारायला लागले, तेव्हा त्यांनी तशा गाड्या विकायलाच सुरुवात केली. पुढे 1966 मध्ये आयोवातल्या विनेबेगो कंपनीने मोटरहोम कारखान्यातल्या चालत्या साखळीवर बांधायला घेतली. तिने किंमत इतरांपेक्षा बरीच कमी ठेवली आणि बाजार काबीज केला.

या सगळ्या गाड्यांचं मूळ दुखणं एकच होतं. खाली ट्रक आणि वर खोका. ट्रकचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे असतात. त्यामुळे दोहोंना जोडणारा दांडा सगळ्या लांबीभर खालून जातो. घराची जमीन त्याच्या वर, म्हणजे चांगलीच उंचावर बांधावी लागते. उंच गाडी वळणावर झुलते, वाऱ्यात डगमगते आणि आत शिरायला पायऱ्या चढाव्या लागतात.

जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी हा दांडाच काढून टाकला. कंपनीच्याच ओल्ड्समोबील टोरोनाडो या मोटारीत 1966 पासून पुढची चाकं ओढणारी यंत्रणा होती. तिच्यात गिअरबॉक्स इंजिनच्या मागे नसून बाजूला बसवलेला असतो आणि एक रुंद पोलादी साखळी इंजिनची ताकद त्याच्यापर्यंत नेते. ही यंत्रणा जशीच्या तशी मोटरहोमच्या नाकाखाली बसवली. ओढण्याचं सगळं काम पुढेच उरकल्यामुळे मागे काहीच उरलं नाही. मागच्या चार चाकांना आडवा कणाही नाही. प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं लोखंडी बाहूंवर टांगली आहेत आणि त्या दोन बाहूंच्या मध्ये हवेची एक पिशवी दाबून बसवलेली आहे. रस्त्यावरचा खड्डा ही पिशवी पचवते. मुक्कामी जमीन उतरती असेल तर चालक बटणाने पिशवीतली हवा कमीजास्त करतो आणि घराचा मागचा भाग समतल करून घेतो.

या खटाटोपाचं फळ म्हणजे रस्त्यापासून जेमतेम सव्वा फुटावर असलेली जमीन. एकच पायरी चढली की माणूस आत. अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळ्यात राहायला गेलेल्या मराठी आजी-आजोबांना तिथल्या भाड्याच्या मोटरहोमने फिरायला नेण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. त्या नव्याकोऱ्या गाड्यांच्या दोन-तीन उंच पायऱ्या गुडघ्यांना काय म्हणतात, ते त्या आजींनाच विचारावं. पन्नास वर्षांपूर्वीची गाडी या बाबतीत अधिक समजूतदार होती.

1972 च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर ट्रान्सपो नावाचं वाहतुकीचं भव्य प्रदर्शन भरलं, तिथे लोकांना या गाडीचं पहिलं दर्शन झालं. कोपऱ्याकोपऱ्यांच्या खोक्यांच्या जमान्यात ही गोलाईदार, बुटकी गाडी उठून दिसत होती. तिची लांबी 23 किंवा 26 फूट आणि रुंदी आठ फूट. अंग ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासचं, त्यामुळे त्याला गंज नाही. पुढची काच इतकी मोठी की मागे सोफ्यावर बसलेल्यालाही रस्ता दिसतो. आतल्या सजावटीच्या पहिल्या रंगसंगतींना सिक्वोया, ग्लेशियर, पेंटेड डेझर्ट, कॅन्यनलँड्स अशी अमेरिकेच्या निसर्गातली नावं दिली होती. रंग मात्र त्या काळाला शोभतील असे भडक होते. जेवणाचं टेबल खाली केलं की त्याचा पलंग होतो आणि सोफ्याची पाठ वर उचलून अडकवली की रेल्वेच्या डब्यातल्या मधल्या बर्थसारखी झोपायची जागा तयार होते. दाटीवाटीने का होईना, सहा जण झोपू शकतात. बार्बी बाहुलीसाठीही या गाडीची खेळण्यातली आवृत्ती निघाली, हॉट व्हील्सच्या छोट्या गाड्यांतही ती आली. आज त्या खऱ्या गाड्या विकत घेणाऱ्या कित्येकांची तिच्याशी पहिली ओळख लहानपणी घरातल्या फरशीवरच झालेली असणार.

वेळ मात्र चुकली. गाडी बाजारात येऊन वर्षही उलटलं नव्हतं तोच ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पंपवाल्यांनी रविवारी विक्री बंद ठेवावी असं आवाहन अध्यक्ष निक्सन यांनी केलं. जानेवारी 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैल, म्हणजे साधारण 88 किलोमीटर, ही कमाल वेगमर्यादा लागू करणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली. आणि ही बाई तर लिटरला जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर चालणारी! तरी गाडीने तग धरला. 1977 च्या सुमारास तिला थोडं लहान, 6.6 लिटरचं इंजिन मिळालं. पण जनरल मोटर्सच्या हिशेबात वर्षाला दोन-अडीच हजार गाड्या म्हणजे किरकोळ धंदा होता. कारखान्यातली जागा ट्रकसाठी वापरणं अधिक फायद्याचं ठरलं आणि 1978 मध्ये हे प्रकरण संपलं. तीन वर्षांनी आलेल्या ‘स्ट्राइप्स’ या विनोदी चित्रपटात हीच गाडी सैन्याच्या गुप्त लढाऊ वाहनाच्या सोंगात झळकली. बंद पडलेल्या मालाची एवढी जाहिरात क्वचितच झाली असेल.

कंपनीने पाठ फिरवल्यावर गाडी जगवली ती तिच्या मालकांनी. इथे एक योगायोग कामाला आला. इंजिन, गिअरबॉक्स, पुढची चाकं धरणारे भाग हे सगळं लाखोंच्या संख्येने बनणाऱ्या मोटारींमधून उचललेलं होतं, त्यामुळे भंगारातही त्याचा तुटवडा नव्हता. जे भाग फक्त याच गाडीचे, ते मालकांपैकीच काही हुशार यंत्रज्ञांनी नव्याने बनवायला घेतले. मालकांचे संघ झाले, त्यांची वर्षातून संमेलनं भरू लागली. आपल्या गावाजवळ कुणाची गाडी बंद पडली तर मदतीला यायची तयारी असलेल्यांच्या याद्या तयार झाल्या. आडरानात अडकलेल्या कुटुंबाकडे शंभर किलोमीटरवरून एखादे निवृत्त गृहस्थ सुटा पंप घेऊन येतात, मोबदल्यात कॉफी पितात आणि जाताना तुमच्या गाडीत आणखी काय काय बिघडणार आहे तेही सांगून जातात.

जुनी गाडी नव्याने उभी करणं म्हणजे नवा रंग आणि नव्या गाद्या, असा समज छायाचित्रांमुळे होतो. खरं काम रंगाच्या खाली असतं. अंग गंजत नसलं तरी त्याखालचा सांगाडा पोलादाचा आहे आणि तो गंजतो. खिडक्यांची रबरं सुकून पाणी आत झिरपतं. दाराजवळची आणि न्हाणीघराजवळची प्लायवूडची जमीन कुजते. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बंद झालेल्या असतात.

सर्वांत धोकादायक भाग म्हणजे पेट्रोलच्या नळ्या. सत्तरच्या दशकातलं रबर त्या काळच्या पेट्रोलसाठी बनवलेलं होतं. आज अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला मऊ करतं आणि त्याला भेगा पाडतं. (भारतात वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून जुन्या वाहनांचे मालक जी चिंता करतात, तिची जात हीच.) तापलेल्या इंजिनजवळ गळणारी नळी आणि वर दिवाणखाना, एवढं चित्र डोळ्यांसमोर आणलं की जाणते मालक पहिला खर्च इथे का करतात ते कळतं. दुसरी अडचण उंचीवरची. उन्हाळ्यात लांब चढावर नळीतल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते, जुन्या पद्धतीचा पंप वाफ ओढू शकत नाही आणि इंजिन भर चढात मान टाकतं. त्यावर उपाय म्हणून टाकीजवळ विजेवरचा पंप बसवतात. काही जण कार्ब्युरेटरच काढून इंधन फवारणारी आधुनिक यंत्रणा लावतात.

इथे मालकांमध्ये दोन तट पडतात. एका गटाला पोपटी गालिच्यासकट सगळं मूळचंच हवं असतं. दुसरा गट छतावर सौर पट्ट्या, पलंगाखाली लिथियम बॅटरी आणि गॅसवरच्या जुन्या फ्रिजच्या जागी बॅटरीवर चालणारा फ्रिज बसवून मोकळा होतो. संग्रहालयात ठेवायची गाडी असेल तर पहिल्या गटाचं बरोबर आहे. मुलांना घेऊन वाळवंट ओलांडायचं असेल तर दुसऱ्याचं ऐकावं.

मुलांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण हौशी लेखांमध्ये ती बहुधा झाकलेली असते. सत्तरच्या दशकात मुलं धावत्या मोटरहोममध्ये टेबलाशी बसून पत्ते खेळायची, मागच्या पलंगावर लोळायची. त्या आठवणी गोड आहेत आणि तो प्रकार भयंकर होता. जोराचा ब्रेक लागला तर आतल्या मोकळ्या वस्तूंबरोबर मोकळं मूलही पुढे फेकलं जातं. या गाड्यांमधले बहुतेक सोफे रस्त्याला आडवे आहेत आणि लहान मुलांची सुरक्षा-खुर्ची आडव्या आसनावर बांधायची नसते. म्हणून जबाबदार कुटुंबं एखादा सोफा काढून तिथे पुढे तोंड असलेली आसनं बसवतात आणि त्यांचे पट्टे लाकडाला नव्हे, थेट पोलादी सांगाड्याला बोल्टने आवळतात. धूर, गळका गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रंही हवीतच. वीजनिर्मितीचं पेट्रोल इंजिन घराच्याच पोटात असतं आणि त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. या कामांचं छायाचित्र कुणी काढत नाही, पण नव्याने उभी केलेली गाडी कुटुंबासाठी योग्य की नुसतीच देखणी, हे इथेच ठरतं.

एवढं सगळं झालं की प्रवास. शिकागोहून यलोस्टोन हा अमेरिकी कुटुंबांचा ठरलेला रस्ता घेऊ. साधारण सव्वादोन हजार किलोमीटर, म्हणजे नुसतं जायलाच साडेपाचशे ते साडेसहाशे लिटर पेट्रोल. या हिशेबात विमान, मोटार आणि हॉटेल कदाचित स्वस्तही पडेल. पैसे वाचवायला म्हणून जुनी मोटरहोम घेणाऱ्याने गणित पुन्हा करावं.

90 क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग दक्षिण डकोटात शिरला की दोन्ही बाजूंना फलक दिसू लागतात: वॉल ड्रग, थंडगार पाणी फुकट. टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्याने 1931 मध्ये वॉल या गावात एक औषधाचं दुकान घेतलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा काही वर्षांनी त्यांनी उन्हाने हैराण प्रवाशांना फुकट बर्फाचं पाणी देऊ केलं आणि रस्त्यावर तशा पाट्या लावल्या. आज ते दुकान म्हणजे एक अख्खा बाजार आहे. गाडी थांबते, मुलं उतरतात, आणि इकडे इंजिनलाही गार व्हायला सवड मिळते.

पुढे ब्लॅक हिल्सचे डोंगर लागतात. इथून गाडी स्वतःच रस्ता ठरवू लागते. तिथल्या नीडल्स हायवेवर ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून कोरलेला एक बोगदा आहे, त्याची रुंदी आठ फूट. गाडीची रुंदीही आठ फूट, आणि आरसे वेगळे. म्हणजे तो रस्ता रद्द. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न पर्वत ओलांडायला तीन रस्ते आहेत. 14-ए नावाच्या रस्त्यावर दहा टक्क्यांचे उतार आहेत, दर दहा मीटरला एक मीटर खाली. पाच टनांची जुनी गाडी तिथे ब्रेक जाळून बसेल. म्हणून शहाणे लोक दक्षिणेच्या 16 क्रमांकाच्या सौम्य रस्त्याने जातात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आपल्या घाटांतल्या जुन्या चालकांचा नियम इथेही जसाच्या तसा लागू आहे. चढावर मागे गाड्यांची रांग लागते. ती बघून लाजायचं नाही, जागा मिळेल तिथे बाजूला होऊन सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं.

यलोस्टोन हे 1872 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान. आतली वेगमर्यादा ताशी 72 किलोमीटर, आणि रानगवे रस्त्यात उभे राहिले तर शून्य. इथे पहिल्यांदा आपली गाडी सगळ्यांच्या बरोबरीने चालते. उद्यानातल्या फिशिंग ब्रिज या मुक्कामतळावर वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या मिळतात. मात्र तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे तंबू किंवा कापडी भिंतींची वाहनं चालत नाहीत. ॲल्युमिनियमच्या भिंतींचा असाही उपयोग.

तिथून उत्तरेला ग्लेशियर उद्यान. त्याचा प्रसिद्ध ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता डोंगराच्या कडेने कोरलेला आहे. त्याच्या मधल्या टप्प्यात 21 फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी, म्हणजे आपल्या दोन्ही आकारांना मनाई. गाडी खाली ठेवून लोक उद्यानाच्या लाल बसमध्ये बसतात. कापडी छत मागे सारता येणाऱ्या या बस 1930 च्या दशकात व्हाइट कंपनीने बनवल्या. त्या थकल्यावर 2000 च्या आसपास फोर्ड कंपनीने त्यांची नव्याने बांधणी केली. आपल्या पन्नाशीतल्या गाडीला विश्रांती देऊन ऐंशी-नव्वद वर्षांच्या बसमधून घाट बघण्यात एक गंमत आहेच.

अशा प्रवासात कुटुंबातलं कुणीच नुसतं प्रवासी राहू शकत नाही, आणि या गाडीचं खरं आकर्षण तेच आहे. निघण्याआधी कामांची यादी असते: फ्रिजचं दार अडकवलं का, कप्पे बंद का, गॅस बंद का, पायरी आत घेतली का. ही यादी मोठ्याने वाचायचं काम मुलांकडे दिलं तर काही विसरत नाही, कारण मुलांना मोठ्यांची चूक पकडायला आवडतं. पाण्याचं भान आपोआप येतं, कारण टाकी डोळ्यांदेखत रिकामी होते. भांडी घासलेलं पाणी एका टाकीत आणि संडासाचं दुसऱ्या टाकीत साठतं. दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी जाड नळी लावून आधी घाण टाकी सोडायची आणि मग त्याच नळीतून साबणाचं पाणी सोडून ती धुऊन काढायची. हा क्रम एकदा चुकला की पुन्हा कधी चुकत नाही.

स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर. मराठी घरात कुकर येतोच. शिट्टीपर्यंत सगळं ठीक असतं, पण हिंग-मोहरीची फोडणी पडली की धूर ओळखणारं यंत्र ठणाणा करायला लागतं. म्हणून अनुभवी मंडळी फोडणीची शेगडी बाहेर, झाडाखाली मांडतात. शेजारच्या तंबूतले लोक वासाने चौकशीला येतात, मग त्यांनाही पोहे.

विकत घ्यायची झाली तर गाडी पावसाच्या दिवशी बघावी, गळती त्या दिवशी लपत नाही. टायरवरची नक्षी बघू नये, त्याच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. अशा गाड्या वर्षातला बराच काळ उभ्याच असतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी वयानेच सडतात. मूळचे साडेसोळा इंची टायर मिळणं अवघड झाल्याने बहुतेकांनी सोळा इंची चाकं बसवून घेतली आहेत, तशी असतील तर उत्तम. आणि पहिली सहल यलोस्टोनची नको. घरापासून तासाभराच्या अंतरावर, फोन लागत असेल आणि गॅरेजवाला ओळखीचा असेल, अशा ठिकाणी दोन रात्री काढाव्यात. काय काय गळतं, काय काय वाजतं आणि कोण कोण घोरतं, ते तेवढ्यात कळतं.